पिरारुकूची घरघर

"मार," झुल्मीरा म्हणाली.

भाला एदिव्हानच्या हातात होता, पण हात वर जात नव्हता. होडीपासून दहा हातांवर पाणी नुकतंच फुटलं होतं. माणसाहून लांब पिरारुकू मासा वर आला आणि हवा घेऊन खाली गेला. इतर पिरारुकू हवा घेतात तेव्हा झाकण उघडल्यासारखा एकच आवाज होतो. याचा श्वास घरघरत येई, मध्येच अडके आणि शिट्टी वाजवत संपे.

"आई, हे बाबा आहेत."

"लोरिवालला तर पोहताही येत नव्हतं," मागं वल्ह्यावर बसलेला शेजारी तेओफिलो म्हणाला. "तो मेल्यावर मासा होईल होय रे?" पण त्यानंही छातीवर क्रूसाची खूण केली.

गेल्या पुरात लोरिवाल गेल्यापासून तळ्याच्या या कोपऱ्यात कुणी जाळं टाकलं नव्हतं. लोरिवाल शेवटचे तीन महिने असाच श्वास घेत होता. फळ्यांच्या भिंतीतून साऱ्या वस्तीनं तो ऐकला होता. आणि त्याची बायको रोज दुपारी इथं येऊन पाण्याशी बोलते, हेही वस्तीनं पाहिलं होतं.

"त्यांच्याशी बोलतेस तूच," एदिव्हान म्हणाला, "आणि मार म्हणतेस तूच?"

"आधी तो किती वेळानं वर यायचा. आता बघ."

पाणी पुन्हा फुटलं. घरघर. शिट्टी.

"मार, पोरा."

भाला सुटला. मासा फारसा झुंजला नाही.

काठावर झुल्मीरानं स्वतः त्याचं पोट चिरलं. ज्या पिशवीत हा मासा हवा भरतो, ती उघडली. आत तांबूस किडे होते. बोटभर लांब, एकमेकांत गुंतलेले, अजून वळवळणारे. हवेला जागाच उरली नव्हती.

एदिव्हान रडता रडता हसू लागला. "किडे! आई, नुसते किडे गं! बाबा नव्हतेच ते!"

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चाळीस वर्षं मासे चिरतेय मी."

त्याचं हसू थांबलं. "मग माझ्याकडून कशाला मारवलास? चार दिवसांत आपोआप गेला असता."

झुल्मीरानं सुरी पाण्यात बुडवली. बराच वेळ धुतली.

"तुझ्या बापालाही मी हेच सांगत होते," ती म्हणाली. "तो रोज हात जोडायचा, सोडव म्हणून."