मागची सीट

"काकू, तुमच्या मागच्या मोटरमध्ये बिघाड आहे," सायकलच्या दुकानातली रुबिना म्हणाली. "सपाटीला, उताराला छान पेडल मारते, पण चढ लागला की थांबते. पाच मिनिटांत नीट करून देते."

शैलाकाकूंची सायकल दोन सीटची होती. मागच्या सीटवर बसणारे त्यांचे यजमान बापूसाहेब गेल्या वर्षी वारले. तेव्हापासून मागची पेडलं मोटर फिरवायची, तीही हुबेहूब बापूसाहेबांसारखी. ते हयात असताना त्या मोटरनं त्यांच्या हातापायांची एकेक सवय, काकूंच्या हाकेला घंटी वाजवण्याचीसुद्धा, टिपून घेतली होती.

काकू हसत सुटल्या. "अगं, बिघाड कसला! तेच आहेत ते. जन्मभर मला शपथेवर सांगायचे, चढावर सगळा जोर मीच लावतो म्हणून. आणि मी वेडी धापा टाकत दोघांना वर न्यायचे!"

"मग करते ना नीट. तुमच्या गुडघ्यांना तेवढाच आराम."

"हात लावायचा नाही," काकू म्हणाल्या आणि त्यांनी सायकल बाहेर काढली.

दुकान सोडलं की घाटाचा रस्ता लागायचा. पहिल्याच चढाला मागची पेडलं गप्प झाली. काकूंचे गुडघे कुरकुरले. मागे न बघता त्यांनी नेहमीच्या संशयानं विचारलं, "अहो, मारताय ना पेडल?"

मागच्या हँडलची घंटी लगेच वाजली, अगदी प्रामाणिक माणसानं वाजवावी तशी.