पोलंडचा भिडू

"नव्या पोरांतला चौथा नको," अभिनंदन माईकवरच म्हणाला. "आमच्यात टोपीवाला कुणी चालणार न्हाय."

निपाणीच्या त्या मंगल कार्यालयात दोनशे पोरंपोरी बसली होती. 'मडफोर्ट'ची स्पर्धा नुकतीच संपली होती आणि अभिनंदन प्रमुख पाहुणा होता. एरवी तो वडलांची तंबाखूची वखार बघायचा. पण चौदा वर्षांपूर्वी, हा खेळ कुणाच्या गावीही नव्हता तेव्हा, तो निपाणीच्या एका नेट कॅफेत बसून खेळत होता. आपण चिखलाच्या भिंतीचा किल्ला बांधायचा. दर दहा मिनिटांनी पाऊस यायचा, भिंत वाहून जायची आणि खिंडारातून शत्रू आत शिरायचा. बास, एवढाच खेळ. आता तो ज्याच्या त्याच्या फोनवर होता आणि त्यात शिपायांसाठी रंगीत टोप्या विकत मिळायच्या. टोप्यांवर अभिनंदनचा विशेष राग होता.

शेवटी जुना खेळ खेळून दाखवायचा असं ठरलं होतं. संयोजकांनी तो कुठूनसा मिळवून स्टेजवरच्या चार कॉम्प्युटरवर घातला होता. नागेंद्र बेळगावहून आला होता, रविराज कोल्हापूरहून. कॉलेज बुडवून खेळणारे तिघे पुन्हा एकत्र बसले होते. अडचण एकच होती. जुना खेळ चौघं असल्याशिवाय सुरूच होत नसे.

"तवा चौथा कोण असायचा?" पुढच्या रांगेतल्या एकानं विचारलं.

"नेटवरनं यायचा, पोलंडचा होता," अभिनंदन म्हणाला. "निदान आमचा तसा अंदाज. आम्ही कायबी लिवलं तरी 'ओके' म्हणायचा. एक नंबरचा बिनडोक. भिंत फुटली की माती आणायची सोडून हा गडी स्वतःच खिंडारात जाऊन उभा ऱ्हायचा आणि मरायचा. दोन वर्षं आम्ही त्याला शिव्या दिल्या. त्याला घेऊनसुद्धा जिंकलो, म्हणजे बघा आम्ही काय खेळत असू."

सभागृह हसलं. संयोजकांनी घड्याळ बघितलं आणि माईक घेतला. जुना खेळ खेळलेलं आणखी कुणी हॉलमध्ये आहे का, असं त्यांनी उगाच विचारायचं म्हणून विचारलं.

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. साठीच्या आसपासच्या, फिकट निळ्या साडीतल्या. त्यांची नात प्रिया स्पर्धेत खेळली होती, तिच्याबरोबर त्या आल्या होत्या. प्रियानं त्यांचा पदर धरून खाली ओढलं. त्यांनी तो सोडवून घेतला आणि स्टेजकडं चालू लागल्या. पायऱ्या चढल्या तेव्हा अभिनंदननं त्यांना ओळखलं. त्या कॅफेच्या राजमतीआक्का होत्या. नवऱ्यामागं त्यांनीच कॅफे चालवला होता. प्लायवूडच्या आडोशाला काउंटर होतं, तिथं एक कॉम्प्युटर घेऊन त्या बसायच्या. पोरांनी मागितलं की पाणी द्यायच्या आणि कितीही दंगा झाला तरी बोलायच्या नाहीत.

"आक्का, तुम्हाला जमंल?" रविराजनं विचारलं.

"बघूया की," त्या म्हणाल्या आणि चौथ्या खुर्चीवर बसल्या.

खेळ सुरू झाला. अभिनंदनचे हात आपोआप चालू लागले. पहिला पाऊस आला. उत्तरेची भिंत बसली. नागेंद्र मातीकडं पळाला, रविराज पाण्याकडं. अभिनंदननं पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. चौथा शिपाई सावकाश चालत आला, खिंडाराच्या बरोबर मधोमध उभा राहिला आणि हलला नाही. शत्रूचे सातही जण त्याच्यावर तुटून पडले. तो मरेपर्यंत भिंत उभी झाली होती.

तिघांचे हात थांबले. हॉलमधल्या पोरांना काही कळलं नाही. अभिनंदननं नागेंद्रकडं बघितलं. नागेंद्र कीबोर्डकडं बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा अभिनंदनला दिसलं, की तो शिपाई मरायला जेवढा वेळ लावायचा, तेवढ्याच वेळात ते भिंत बांधत आले होते. दुसऱ्या पावसात ते हरले. टाळ्या मात्र भरपूर झाल्या.

पोरं चहाकडं गेल्यावर अभिनंदन आक्कांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिला.

"तुम्ही का खेळत होता?" त्यानं विचारलं.

"चौथा येत न्हवता. तुम्ही तिघं नुसतं पडद्याकडं बघत बसायचा. मग मी बसले."

"मघाशी माईकवर मी तुम्हाला बिनडोक म्हटलं. आणि तवा कॅफेत तर…"

"ऐकू येत होतं की. मधी नुसतं प्लायवूड होतं."

"मग सांगायचं न्हाय का, आक्का? एकदा जरी सांगितलं असतं, तर आम्ही तोंड उघडलं नसतं."

"म्हणूनच न्हाय सांगितलं."

अभिनंदनला उमगलं नाही. राजमतीआक्कांनी माऊस बाजूला सारला आणि पदर सारखा केला.

"ह्यास्नी जाऊन तवा चार म्हयनं झालतं," त्या म्हणाल्या. "घरात, बस्तीच्या देवळात, बाजारात, सगळी माझ्याशी हळू आवाजात बोलायची. वरडायचा ते तुम्ही तिघंच."