सातवा रकाना

“घाण किती लिहू?” उदयने पेन उघडत विचारलं.

वृंदाताई चिपळ्या पिशवीत ठेवत होत्या. सॉल्ट लेकच्या हॉलमधलं कीर्तन नुकतंच आटोपलं होतं. रविवारी कीर्तनानंतर मराठी मंडळींचे सरकारी अर्जही त्याच भरून घ्यायच्या.

“आहे तेवढीच लिहा. पावसाचं पाणी अंगणातली घाण घेऊन बाहेर जाऊ नये, जागीच गाळून जिरावं, म्हणून ही मदत. जागामालकाला निम्मा खर्च. घाण विषारी असली तर ऐंशी टक्के.”

उदयचे डोळे चमकले.

बराकपूरला त्याची जुन्या बॅटऱ्या फोडायची शेड होती. मागच्या भिंतीला लागून वृंदाताईंची विहीर. त्या पाण्यानेच आपल्या मुलाच्या, केयूरच्या, किडन्या गेल्या, म्हणून ताईंनी त्याला चार वर्षं कोर्टात खेचलं. मागच्या महिन्यात दावा फेटाळला गेला. शेडचं पाणी विहिरीत जातं, याला पुरावा नव्हता.

आता त्याच बाईच्या हातून सरकारी मदत काढायची! चार वर्षांचं उट्टं एका अर्जात निघत होतं.

“केयूर कसा आहे?” त्याने गोड आवाजात विचारलं.

“आठवड्यातून तीनदा डायलिसिस.”

“अरेरे. माझ्यावर राग नाही ना, ताई?”

“आत्ता तासभर क्षमेवरच गायले ना, उदयराव? सातवा रकाना, घाण कोणती, किती वर्षं, कुठे जाते, तेवढा स्वतःच्या हाताने भरा. दोन्ही प्रतींवर.”

केस तर संपली होती. आता काहीही लिहिलं तरी कोण विचारतंय? तिला ऐकू जावं म्हणून तो मोठ्याने म्हणत लिहू लागला, “अकरा वर्षं... ॲसिड आणि शिसं... दर पावसाळ्यात... मागच्या विहिरीत.” मग हसला. “बसतंय ऐंशी टक्क्यांत?”

“अगदी नियमात बसतंय. सही करा, तारीख घाला. साक्षीदार लागेल एक.”

कोपऱ्यात प्रसादाचं केळं सोलत बसलेले एक गृहस्थ उठून आले. त्यांनी चष्मा पुसला, ओळ न् ओळ वाचली आणि दोन्ही प्रतींवर सही केली.

वृंदाताईंनी उदयच्या कपाळाला बुक्का लावला. “एक प्रत उद्याच ऑफिसात देते. मदत मिळेल तुम्हाला.”

दुसरी प्रत गृहस्थांनी घडी घालून आपल्या बॅगेत ठेवली.

“काका, तुम्ही मंडळात नवीन दिसता?”

“मंडळात नाही हो,” ते बॅगेची चेन लावत म्हणाले. “मी वृंदाताईंचा नवा वकील. अपिलाची मुदत उद्या संपतेय.”