कोरड्या भिंती

"आई, तुझ्या कुकरच्या वाफेनं भिंती ओल्या झाल्यात. बघ, बुरशी धरलीय सगळीकडे!" इंग्लंडमधल्या लीड्सच्या घरातले काळे डाग दाखवत हेरंब ओरडला.

लेकाला घरचं जेवण मिळावं म्हणून आई कराडहून आली होती. त्या दिवसापासून तिनं शेगडी पेटवली नाही. दूध-पाव खाऊन राहिली आणि थंडी संपायच्या आतच परत गेली.

ती गेल्यावरही खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळतच राहिलं. शेवटी हेरंबनं माळ्यावर ताजी हवा आत सोडणारं यंत्र बसवून घेतलं. हळूहळू काचा स्वच्छ झाल्या, भिंती कोरड्या पडल्या. त्यानं घाईघाईनं फोन लावला.

"आई, तुझी काही चूक नव्हती गं. घरात हवाच खेळत नव्हती. उगाच बोललो मी तुला. आता पुन्हा ये, हवा तेवढा स्वयंपाक कर. तुझ्या हातची आमटी खायचीय मला."

"अरे, मी इथं डबा लावलाय," पलीकडून आई हळूच म्हणाली. "तिकडून आल्यापासून कुकर लावायचा धीरच होत नाही बघ. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी वाटतं, आता कुणीतरी ओरडेल."