एक पंजा

"बघा वहिनी, अर्ध्या मिनिटात फळी पार!" म्हणत भाऊजींनी माझ्या कुत्रीचा, चकलीचा पट्टा सोडला. ती शेपूट पायांत घालून जिन्याखाली पळाली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत चकलीला भीती फक्त सीसॉची. फळी धाडकन आपटली की ती थरथरायची. म्हणून अंगणातच एक सीसॉ मांडून दोन महिने मी तिला त्यावर रोज थोडं थोडं पुढे नेत होते. आधी एक पंजा, मग दोन. परवा ती आपली आपण मधोमध पोचली होती. आणि मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात ह्या शहाण्यांनी तिला फरफटत पार नेलं!

"त्यात घाबरण्यासारखं काय आहे?"

"काहीच नाही. चढा ना तुम्ही."

ते ऐटीत चढले. मधोमध पोचताच फळी कलली, आपटली आणि भाऊजी ओरडत बाजूच्या कुंडीवर जाऊन पडले.

"आता पुन्हा चढा."

ते दोन पावलं मागे सरकले. मी खिशातून चकलीचं बिस्कीट काढून पुढे धरलं.

"आज नुसता एक पाय ठेवा, भाऊजी. चकलीलाही आता तिथूनच सुरुवात करायची आहे."