विरंगुळा केंद्राची हजेरी

गावातल्या विरंगुळा केंद्राला दोन वर्षांपासून कुलूप होतं आणि कवडूजी रोज दुपारी त्याच्या पायरीवर एकटेच बसत. म्हाताऱ्यांच्या नावानं अनुदान मात्र दरसाल येतंय असं कळलं, तेव्हा त्यांचं डोकंच सणकलं. देवळीची बस धरून ते तालुक्याच्या कचेरीत गेले आणि माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून आले.

महिन्याभरात उत्तर आलं. चहा-पोह्याची बिलं होती, नव्या कॅरम बोर्डाची पावती होती आणि केंद्रात रोज येऊन बसणाऱ्यांचा हजेरीपटही होता. त्यावर पहिलं नाव कवडूजींचं, त्याखाली त्यांचे जुने सोबती दौलत, महादेवराव आणि सुदाम. वर्षभरात एकाचाही खाडा नाही.

त्या तिघांच्याही मातीला कवडूजी केव्हाच जाऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक घाम पुसत घरी आला. "काकाजी, तुमी आता वर तक्रार करून राह्यले काय?"

कवडूजींनी हजेरीपटाची घडी केली आणि जपून खिशात ठेवली.



"नाई करत, बाबू. पण पुढच्या महिन्यातही आमाले चौघायले एकाच पानावर ठेवजो."