सांगून ठेवलेलं नाव

बाळाचा बाप्तिस्मा आटोपून पाहुणे घरी चहाला बसले होते. बाळाच्या बापाच्या, डोनखाच्या म्हाताऱ्या आत्याने, नोनीने, बाळाची हनुवटी कुरवाळली आणि सूनबाईला विचारलं, या नावाचा अर्थ तरी काय?

मूरन चहा ओतत होती. साइव म्हणजे गोड, गुणी, ती म्हणाली. फार जुनं नाव. जुन्या आयरिश गोष्टीतली ती, जिची जादूने हरिणी केली आणि लेकरापासून तोडली, तीच साइव. मधे कुणी ठेवत नव्हतं, आता पुन्हा चलती आहे. गावच्या पाळणाघरातच तिघी आहेत. हे शेवटचं ती जरा मोठ्यानेच बोलली.

नोनीआत्या कुरकुरली, स्पेलिंगात एवढी अक्षरं आणि म्हणायला एवढंसं. आमच्या वेळी मेरी ठेवलं की भागायचं. मग म्हणाली, "पण सुचलं कुणाला?"

"मलाच," मूरन म्हणाली. "पुस्तक चाळताना."

आणि तिने वर पाहिलं. देर्वला सँडविचचं रिकामं ताट घेऊन दारात उभी होती. ती आत स्वयंपाकघरात गेली.

दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. मागच्या हिवाळ्यात देर्वलाचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. इस्पितळातून मूरननेच तिला गाडीतून घरी आणलं. वाटेत देर्वलाने ठरवलेलं नाव तिला सांगितलं. नवऱ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. स्वतःची मुलगी झाली तेव्हा मूरनला दुसरं नाव गोडच लागेना. नाव काय कुणाच्या मालकीचं असतं, असं तिने मनाला बजावलं आणि मैत्रिणीला फोनवर फोटो पाठवला, खाली नाव. 'अभिनंदन' एवढंच उत्तर आलं, तेही दुसऱ्या दिवशी.

मूरन बाळाला घेऊन आत गेली. देर्वला नळाखाली ताटं धूत होती.

"मी तुला विचारायला हवं होतं," मूरन म्हणाली.

"मी नाही म्हटलं असतं."

"माहीत होतं मला."

देर्वलाने नळ बंद केला. हात पुसले, बराच वेळ पुसले. मग पुढे केले. मूरनने बाळ तिच्या हातात दिलं.

ती खिडकीशी गेली. बाहेर कुंपणापलीकडे मेंढ्या चरत होत्या, बाळाचं लक्ष तिकडेच. देर्वला त्याच्या कानामागून अगदी हळू म्हणाली, "साइव."

बाळाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"इतके दिवस हाक मारतेय," देर्वला म्हणाली, मूरनकडे न बघता. "कुणी ओ दिली नव्हती."

मूरनने बाळाला परत घ्यायला हात पुढे केले होते. ते तिने हळूच मागे घेतले.